पार्श्वभूमी : कोलकाता लीग २०१९ आणि न झालेला शेवटचा सामना

कोलकाता फुटबॉल लीगच्या प्रीमियर विभागाचे २०१९ चे विजेतेपद पीअरलेस संघाने २३ गुणांसह मिळवले. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तिघांबाहेरचा संघ १९५८ नंतर प्रथमच विजेता ठरला. तरीही या हंगामाचा विषय निघाला की बोलणे पीअरलेसच्या अकरा सामन्यांवर फारसे होत नाही, ते ईस्ट बंगालच्या न झालेल्या एका सामन्याकडे वळते, आणि पीअरलेसला लीग 'टेबलावर', म्हणजे मैदानात न खेळता कागदोपत्री, मिळाली असे म्हटले जाते.

लीगची सुरुवात १८९८ ची. पहिली विजेती ग्लॉस्टरशायर रेजिमेंट होती, आणि त्यानंतर बराच काळ ही स्पर्धा ब्रिटिश पलटणींची आणि युरोपीय क्लबांचीच राहिली. पहिल्या विभागात भारतीय संघ दोनच असावेत असे बंधन होते, ते उठल्यावर १९२५ मध्ये ईस्ट बंगालला तेथे प्रवेश मिळाला. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे मोहमेडनने लीग जिंकली, १९३९ मध्ये मोहन बागानने आणि १९४२ मध्ये ईस्ट बंगालने आपापले पहिले विजेतेपद मिळवले. तेव्हापासून मैदानावरची माणसे या तिघांना 'तीन प्रधान' म्हणतात आणि बाकीच्या सगळ्यांची गणना 'छोट्या संघां'त करतात.

छोट्या संघांत कचेऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या संघांना वेगळे स्थान आहे, कारण एकेकाळी नोकरीची शाश्वती देऊन ते चांगले खेळाडू राखून ठेवू शकत. १९५८ चा विजेता ईस्टर्न रेल्वे हा असाच संघ होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे नेतृत्व करणारा फॉरवर्ड याच संघाचा. पुढे खेळाडूंना पैसे मोजून घेण्याची पद्धत रुळली, तशी ही बाजू लंगडी पडत गेली. २०१० ते २०१७ अशी सलग आठ विजेतेपदे ईस्ट बंगालने मिळवली, २०१८ चे मोहन बागानने, आणि लीग कोण जिंकणार या प्रश्नाला दोन किंवा तीनच उत्तरे असतात हे सगळ्यांनी जणू गृहीत धरले.

पीअरलेस हा एका वित्तसंस्थेचा संघ. २०१९ च्या हंगामात बारा संघ होते आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचे होते. परतीची फेरी नसल्यामुळे एखाद्या पराभवाची भरपाई त्याच प्रतिस्पर्ध्याकडून करून घेण्याची सोय कोणालाच नव्हती, आणि हा नियम मोठ्या संघांनाही तितकाच लागू होता. पीअरलेसने मोहन बागानला ३-० असे हरवले, नंतर ईस्ट बंगाललाही एका गोलने हरवले. त्यांच्या आक्रमणाचा भार लायबेरियाच्या एका फॉरवर्डवर होता. तो यापूर्वी या दोन्ही क्लबांकडून खेळलेला होता. दोन प्रधानांना एकाच हंगामात समोरासमोर हरवणारा संघ नशिबाने पहिला आला, असे म्हणता येत नाही.

शेवटच्या फेरीपूर्वी पीअरलेस आणि ईस्ट बंगाल यांचे गुण सारखेच, प्रत्येकी २० होते, पण गोलफरकात, म्हणजे केलेले गोल वजा स्वीकारलेले गोल या हिशेबात, पीअरलेस पुढे होता. दोघांचे शेवटचे सामने २९ सप्टेंबर या एकाच दिवशी ठेवले होते. यामागचे तत्त्व फुटबॉलमध्ये सर्वमान्य आहे : निकालासाठी किती गोल लागतील हे कोणालाही आधी कळता कामा नये. १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना दोघांनाही पुरणारा निकाल आधीच ठाऊक होता आणि तशी आघाडी होताच त्यांनी खेळणे जवळजवळ सोडून दिले, त्यानंतर गटातले शेवटचे सामने एकाच वेळी घेण्याची पद्धत पडली ती याच कारणाने. पीअरलेसने जॉर्ज टेलिग्राफला २-० असे हरवले. ईस्ट बंगाल आणि कस्टम्स यांचा सामना मात्र क्लबच्याच मैदानावर पाणी साचल्यामुळे झाला नाही. कोलकात्यात क्लबांची मैदाने जिथे आहेत त्या 'मैदान' परिसरातली चिकणमातीची जमीन पाणी लवकर पिऊन घेत नाही. अशा वेळी चेंडू हातातून सोडून पाहतात, आणि तो न उसळता डबक्यात बसला की खेळ होणे शक्य नसते. त्या निर्णयावर आक्षेप घेण्यासारखे काही नाही.

वाद पुढच्या पायरीवर आहे. सामना पुढे ढकलला गेला तेव्हा पीअरलेसचा निकाल लागून गेलेला होता, त्यामुळे विजेतेपदासाठी ईस्ट बंगालला सात गोलांच्या फरकाने जिंकावे लागणार हे उघड झाले. नवी तारीख ऐन दुर्गापूजेच्या तोंडावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडली, आणि ठिकाण ठरले शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरचे कल्याणी. ईस्ट बंगालने संघ उतरवला नाही. संयोजक संस्थेने कस्टम्सला पुढे चाल दिली, म्हणजे न खेळताच विजयी ठरवले, आणि विजेतेपदाचा प्रश्न निकाली निघाला.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. सामना रद्द होणे आणि पुढे चाल मिळणे या वेगळ्या बाबी आहेत. सामना रद्द झाला असता तर ईस्ट बंगालचा खेळ दहा सामन्यांवर थांबला असता आणि गुणतक्त्यात कायमची एक रिकामी जागा राहिली असती. प्रत्यक्षात अकरावा सामना ठरला होता, एक संघ हजर होता आणि दुसरा नव्हता. म्हणून पीअरलेसला लीग 'टेबलावर' मिळाली हे म्हणणे चुकीचे आहे. टेबलावर गुण मिळाले ते कस्टम्सला, पीअरलेसचे २३ गुण अकरा सामने खेळून मिळवलेले आहेत. संयोजकांची चूक असेल तर ती पुढे चाल देण्यात नव्हे, पावसाळ्याच्या अखेरीस असलेल्या निर्णायक फेरीसाठी राखीव दिवस आणि पर्यायी मैदान आधीच जाहीर न करण्यात शोधावी. तसे केले असते, तर सात गोलांचे ते गणित एका दिवसापुरतेच उरले असते.

करोनामुळे २०२० ची लीग झाली नाही, त्यामुळे गतविजेतेपद पीअरलेसकडे दोन वर्षे राहिले. २०२१ मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल दोघेही मैदानात उतरले नाहीत, आणि मोहमेडनने १९८१ नंतर प्रथमच लीग जिंकली.