संगणक येणं वेगळं, माहिती पारखता येणं वेगळं

शाळांच्या वार्षिक अहवालात ‘माहिती साक्षरता उपक्रम’ या मथळ्याखाली बहुतेक वेळा काय छापलेलं असतं? संगणक कक्षात नवी यंत्रं आली, वर्गात स्मार्ट बोर्ड बसला, नववीच्या मुलांनी पीपीटी केल्या. हे सगळं हवंच, पण ही झाली संगणक साक्षरता. माहिती साक्षरतेचा त्यात एक अक्षरही संबंध नाही. दोन्ही एकच समजल्यामुळे पहिली शिकवली की दुसरी आपोआप आली असं गृहीत धरलं जातं, आणि ती दुसरी कोणाच्याच तासाला शिकवली जात नाही.

संगणक साक्षरतेबद्दल फार लिहायची गरज नाही. एमएस-सीआयटी ही संगणकाच्या अभ्यासक्रमाची परीक्षा २००१ साली सुरू झाली, तेव्हापासून घराघरात ती कळली आहे. फाइल उघडणं, जतन करणं, मराठी टंकन, तक्ता, ईमेल, प्रिंट. मुंबई महापालिकेच्या शाळांत २०१५ साली आठवीच्या मुलांच्या हाती टॅब आले. मुलं ते चार दिवसांत शिकतात, पालकांपेक्षा लवकर शिकतात.

माहिती साक्षरता ही कल्पना १९७४ साली अमेरिकेतल्या माहिती उद्योग संघटनेचे अध्यक्ष पॉल झुरकोव्स्की यांनी मांडली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीने १९८९ साली तिची जी व्याख्या केली तीच आजही बहुतेक ठिकाणी वापरली जाते: माहितीची गरज आहे हे ओळखणं, ती शोधता येणं, तिचं मूल्यमापन करता येणं आणि ती नीट वापरता येणं. या व्याख्येत संगणकाचं नावही नाही. दादरच्या ग्रंथालयात तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या सूचीची, कार्डं चाळून हे चारही टप्पे पुरे करता येतात, आणि हाती सर्वांत महागडा लॅपटॉप असूनही एकही टप्पा गाठला जात नाही असंही होतं.

माध्यम साक्षरता, डिजिटल साक्षरता वगैरे जवळचे शब्द आहेत. शाळेच्या पातळीवर त्यांच्या सीमारेषांवर वाद घालत बसू नये. खरी अडचण एकाच ठिकाणी आहे: माहिती सापडणं आणि माहिती पारखणं यांतला फरक लोकांच्या लक्षात येत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. भूगोलाच्या प्रकल्पाचा प्रश्न आहे, ‘२६ जुलै २००५ रोजी मुंबईत किती पाऊस पडला?’ कोणतंही मूल शोधपट्टीत हे टाकतं आणि काही सेकंदांत उत्तर आणतं: ९४४ मिलिमीटर. आकडा चिकटवला, मागे पुराचं चित्र लावलं, स्लाइड तयार. संगणक साक्षरतेला इथे पूर्ण गुण. बहुतेक शिक्षकही इथे थांबतात, कारण आकडा बरोबर आहे.

आकडा बरोबर आहे, वाक्य चुकीचं आहे. ९४४ मिलिमीटर ही नोंद सांताक्रूझच्या वेधशाळेची. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. दोन्ही ठिकाणांत अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचं. मग ‘मुंबईत ९४४ मिलिमीटर’ हे विधान कुलाब्याच्या माणसाने मान्य का करावं? पुढे वेळेचा प्रश्न. हवामान विभाग दैनंदिन पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतो आणि मोजणी जिथे संपते ती तारीख लिहितो. म्हणून २६ तारखेच्या दुपारी कोसळलेला तो पाऊस हवामान विभागाच्या तक्त्यात २७ जुलैच्या रकान्यात दिसतो. हे माहीत नसलेलं मूल २६ जुलैचा रकाना बघतं, तिथे वेगळाच आकडा दिसतो आणि ते गोंधळून मूळ तक्ता सोडून पुन्हा एखाद्या ब्लॉगकडे वळतं. एककाचा घोळ वेगळाच. ९४४ मिलिमीटर म्हणजे ९४.४ सेंटिमीटर, ‘९४४ सेंमी’ लिहिलेल्या वह्या काही कमी नसतात.

आकडा कुठला, कोणत्या काळातला, कोणी मोजला, कोणत्या एककात. हे चार प्रश्न विचारणं म्हणजे पारखणं. शोधयंत्र हे प्रश्न विचारत नाही, त्याने विचारावेत अशी अपेक्षाही नाही. ते विचारण्याची सवय माणसाला लावावी लागते, आणि टंकनाचा वेग वाढवून ती लागत नाही.

इथे सुजाण शिक्षकांचाही पाय घसरतो तो पुढच्या पायरीवर. ‘एकाच साइटवर विसंबू नका, तीन-चार ठिकाणी पडताळा’ असं ते सांगतात. मूल चार ठिकाणी पाहतं, चारही ठिकाणी ९४४ दिसतो, ‘मुंबईत’ हा शब्दही चारही ठिकाणी दिसतो. पडताळणी झाली? नाही. चारही जणांनी एकाच वृत्तसंस्थेची बातमी उचलली असेल तर तो चार वेळा छापलेला एकच पुरावा आहे. हे ओळखायची सोपी खूण आहे: वाक्यरचना जुळते का ते पाहा, आणि बातमीच्या सुरुवातीला किंवा शेवटी वृत्तसंस्थेचं नाव आहे का ते शोधा. बातमीतलं एखादं लांब वाक्य अवतरण चिन्हांत घालून शोधलं तर ते किती ठिकाणी जसंच्या तसं आहे हे अर्ध्या मिनिटात दिसतं. मुलांना शोधयंत्राची एकच युक्ती शिकवायला वेळ असेल तर मी हीच शिकवेन.

दुसरी युक्ती सरकारी पानांपुरतं शोधण्याची. इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम (:), त्याला चिकटून जीओव्ही डॉट इन, मग एक जागा सोडून आपले शब्द. अपूर्णविरामानंतर जागा सुटली की युक्ती चालत नाही, आणि मुलं तिथे हमखास जागा सोडतात. शिवाय असे तक्ते बहुतेक इंग्रजीत असतात. सांताक्रूझ, कुलाबा ही नावं इंग्रजी अक्षरांतही टाकून पाहायला सांगावं.

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो ती. संगणक कक्षाच्या भिंतीवर लावलेली ‘विश्वसनीय संकेतस्थळ कसं ओळखावं’ ही यादी. लेखकाचं नाव आहे का, तारीख आहे का, शुद्धलेखन नीट आहे का, पत्त्याच्या शेवटी ऑर्ग आहे का, पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसतं का. हेतू चांगला आहे, पण यातला प्रत्येक प्रश्न मुलाला त्याच पानावर खिळवून ठेवतो, आणि पान कसं दिसावं हे तर पान बनवणाऱ्याच्याच हातात असतं. डॉट ऑर्ग हा पत्ता पैसे भरून कोणीही घेऊ शकतो. कुलपाच्या चिन्हाचा अर्थ इतकाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधली देवाणघेवाण तिसऱ्याला वाचता येत नाही. साइटवर लिहिलेलं खरं आहे असा तो दाखला नव्हे. गैरसमज इतका पसरला की क्रोम ब्राउझरने २०२३ साली ते कुलूप पत्तापट्टीतून काढून तिथे वेगळं चिन्ह ठेवलं. भिंतीवरच्या याद्या मात्र तशाच आहेत.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली मांडलेलं संशोधन इथे कामाचं आहे. त्यांनी डॉक्टरेट झालेले इतिहासकार, स्टॅनफर्डचे पदवीचे विद्यार्थी आणि पेशाने तथ्यतपासणी करणारे अशा तीन गटांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी बरेचदा त्याच पानावर खालीवर वाचत राहिले आणि देखण्या मांडणीला फसले. तपासनीस काही क्षणांत ते पान सोडून ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये ‘हे लोक कोण आहेत?’ हे शोधू लागले. त्यांना कमी वेळ लागला आणि निष्कर्षही जास्त अचूक आले. म्हणून भिंतीवर लावायचीच असेल तर एकच ओळ लावावी: आधी हे पान सोड आणि ते कोणाचं आहे ते बाहेर विचारून ये.

हे ३५ मिनिटांच्या तासिकेत बसतं. जागा ग्रंथालयच हवी, कारण संगणक कक्षात बसलं की मुलं यंत्राचं काम करू लागतात. चार-चार जणांचे गट, प्रत्येक गटाला एकच प्रश्न आणि एक नोंदकार्ड. कार्डावर चार चौकोन: काय, कुठलं, केव्हाचं, कोणी सांगितलं. पहिली पाच मिनिटं प्रश्न नीट करण्यात जाऊ द्यावीत. ‘मुंबईत किती पाऊस’ याचं ‘कोणत्या केंद्रावर, कोणत्या चोवीस तासांत’ असं रूपांतर मुलांनीच करायचं. पुढची पंधरा मिनिटं शोध. त्यानंतरची दहा मिनिटं दोन गटांनी कार्डं अदलाबदल करून एकमेकांचा चौथा चौकोन तपासायचा. उरलेल्या पाचात शिक्षकाने एकच कार्ड फळ्यावर उलगडायचं. इंटरनेटचं जाळं नसेल किंवा यंत्र एकच असेल तर एकाच घटनेच्या तीन छापील प्रती वाटाव्यात: वर्तमानपत्राची बातमी, हवामान विभागाचा तक्ता, आणि कुठलाही आगापिछा नसलेला फिरता संदेश. काम तितकंच चांगलं होतं.

चौथ्या चौकोनात हटकून ‘गूगल’ असं लिहिलेलं येतं. ते कधीही स्वीकारू नये. गूगलने पत्ता दाखवला, माहिती सांगितली नाही. शोधयंत्राच्या माथ्यावर आता तयार सारांश दिसतो, त्यामुळे मुलं मूळ पान उघडतही नाहीत. तेव्हा सारांशाखालचं मूळ पान उघडून त्याचं नाव लिहिल्याशिवाय कार्ड पुरं धरू नये. एआयच्या चॅटबॉटला संदर्भ विचारले तर तो अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक आणि वर्ष अगदी ठाशीव सुरात देऊ शकतो. त्याने दिलेलं प्रत्येक पुस्तक ग्रंथालयाच्या तालिकेत शोधायला लावावं. नाही सापडलं तर तिथेच धडा होतो.

‘विकिपीडिया वापरायचा नाही’ ही बंदी उठवावी. तिच्यामुळे मुलं विकिपीडिया वापरायचं थांबत नाहीत, फक्त नाव लिहायचं थांबतात. त्यापेक्षा लेखाच्या तळाची संदर्भसूची उघडायला शिकवा आणि कार्डावर त्या सूचीतला मूळ स्रोत लिहून घ्या.

ग्रंथपालांशीही या बाबतीत बोलायला हवं, कारण ‘जाळ्यावरचं खोटं, पुस्तकातलं खरं’ हा समज त्यांच्याच कपाटांपाशी बळावतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे ३५ वरून ३६ झाले. शाळेच्या कपाटात त्याआधीची सामान्यज्ञानाची पुस्तकं असतातच, आणि त्यांत पालघर हा ठाण्याचा तालुका असतो. ती रद्दीत काढायची घाई करू नये. आधी मुलांना त्यांतलं आवृत्तीचं वर्ष शोधायला लावावं; ते बहुतेकदा मुखपृष्ठावर नसतं, शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला असतं, आणि ‘पुनर्मुद्रण’चं वर्ष म्हणजे मजकूर सुधारल्याचं वर्ष नव्हे. ‘केव्हाचं’ हा चौकोन पुस्तकालाही लागू आहे हे मुलांना असं हातात पुस्तक घेऊनच पटतं.

राहिला गुणांचा प्रश्न. प्रकल्पाचे गुण मांडणीला, रंगाला आणि स्लाइड सरकवण्याच्या करामतींना मिळत असतील तर वर सांगितलेलं काहीही टिकणार नाही, कारण मुलं गुण जिथे असतात तिथेच मेहनत घेतात. २० गुणांपैकी किमान १२ नोंदकार्डांना ठेवावेत आणि ते विषयशिक्षकाने ग्रंथपालासोबत बसून द्यावेत. ‘दोन स्रोतांत तफावत आढळली आणि ती का आहे ते आम्हाला कळलं नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या गटाला त्यातले पूर्ण गुण द्यावेत. तपासलेली कार्डं ग्रंथालयात जपून ठेवावीत आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला पहिल्या तासिकेत तीच पुन्हा पडताळायला द्यावीत. काही पानं तोवर नाहीशी झालेली असतात, काहींवरचे आकडे बदललेले असतात, आणि कार्डावर पान पाहिल्याची तारीख का लिहायची हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.