निळी गोळी पोटात गेल्यावर

सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते बारावीच्या मुला-मुलींना आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते. बाई स्ट्रिप फोडत रांगेने पुढे सरकतात. काही मुली गोळी गिळतात, काही गालात धरून ठेवतात आणि बाईंची पाठ वळली की ती खिडकीबाहेर जाते. विचारलं तर उत्तरं तीच असतात: मळमळतं, शी काळी होते, आई म्हणाली नको घेऊस. यातलं काहीही खोटं नाही. पण असं का होतं, हे त्या मुलीला कुणी सांगितलेलं नसतं, आणि मला खरी अडचण तिथेच दिसते.

या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. आतडं त्यातलं थोडंच उचलतं, बाकीचं तसंच खाली जातं आणि विष्ठेला काळपट करतं. त्याने इजा होत नाही. मळमळ मात्र खरी असते आणि रिकाम्या पोटी जास्त होते, म्हणून गोळी जेवणानंतर द्यायची. रंगही मुद्दाम निळा ठेवला आहे. गरोदर बायकांना मिळणारी लोहाची गोळी लाल असते. ‘माझ्या पोरीला ती गोळी कशाला?’ असा प्रश्न घरात उठू नये, म्हणून शाळेतली वेगळी.

आता गरज किती, ते पाहू. आतड्याच्या आणि कातडीच्या झडणाऱ्या पेशींबरोबर शरीरातून रोज सुमारे एक मिलिग्रॅम लोह जातं. पाळी सुरू झाली की दर महिन्याला साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं आणि एका मिलिलिटरमध्ये अंदाजे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे महिन्याला आणखी १५ ते २० मिलिग्रॅम. याच वयात उंची वाढते, रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, त्यालाही लोह लागतंच. शाकाहारी जेवणातल्या लोहापैकी जेमतेम पाच ते दहा टक्के शरीरात शोषलं जातं. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत १३ ते १५ वर्षांच्या मुलीसाठी आहारात रोज ३० मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. भात-वरण, चपाती-भाजीच्या रोजच्या ताटात एवढं जमणं फार अवघड आहे. त्यात अनवाणी चालताना मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरणारा अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पीत असेल, तर हिशेब आणखी बिघडतो. जंतनाशक अल्बेंडाझोल शाळेतच देतात ते यासाठीच.

पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींमध्ये रक्तक्षय असण्याचं देशातलं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ५९.१ टक्के निघालं. त्याच्या थोडं आधी, २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाच्या मुलींमध्ये ते ४० टक्के आलं होतं. वयोगटात फरक आहेच, पण रक्त घेण्याची पद्धतही वेगळी होती. कुटुंब आरोग्य पाहणीत बोटाला टोचून थेंब घेतला, पोषण सर्वेक्षणात शिरेतून. बोट जोरात दाबलं की रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. शाळेच्या आरोग्य तपासणीत ‘एचबी नऊ’ असं लिहून आलं, तर घाबरून जाण्याआधी शिरेतल्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. अर्थात ४० टक्के हा आकडाही भयंकर आहे. चाळीस मुलींच्या वर्गात सोळा जणी.

या सोळा जणींच्या पलीकडेही काही मुली आहेत आणि त्या कुठल्याच यादीत येत नाहीत. लोह कमी पडू लागलं की शरीर आधी साठ्यातलं वापरतं. फेरिटिन नावाच्या प्रथिनात हा साठा असतो. तो रिकामा होत आला तरी हिमोग्लोबिन बराच काळ बरं दिसतं, कारण लाल पेशींना पहिला वाटा मिळतो. ओढाताण होते ती बाकीच्या अवयवांची, त्यात मेंदूही आला. लक्ष टिकवण्याशी संबंध असलेलं डोपामिन हे मेंदूतलं रसायन तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह लागतं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या शाळांमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोह कमी, पण रक्तक्षय नसलेल्या मुलींपैकी काहींना आठ आठवडे लोह दिलं आणि काहींना लोह नसलेल्या गोळ्या. लोह घेतलेल्या मुली शब्द ऐकून लक्षात ठेवण्याच्या चाचणीत पुढे गेल्या. ‘हिचं अभ्यासात लक्षच नाही’ असं प्रगतिपुस्तकावर लिहिण्याआधी शिक्षकांनी हे आठवावं, असं मला फार वाटतं.

मग गोळी आठवड्यातून एकदाच का? रोज का नाही? इथे शरीराची एक विलक्षण व्यवस्था आहे. आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात जाण्यासाठी एक दार असतं, त्याचं नाव फेरोपोर्टिन. यकृतातून येणारं हेपसिडिन नावाचं संप्रेरक त्या दाराला कुलूप घालतं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की हेपसिडिन वाढतं आणि सुमारे दिवसभर वाढलेलंच राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांना साठच मिलिग्रॅमचे डोस देऊन हे मोजलं. रोज घेणाऱ्यांमध्ये सुमारे १६ टक्के लोह शोषलं गेलं, एकाआड एक दिवस घेणाऱ्यांमध्ये जवळपास २२ टक्के. आठवड्याची गोळी ही साठा टिकवण्यासाठी आहे. ज्या मुलीचं रक्त आधीच कमी झालं आहे तिला ती पुरत नाही; तिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने नियमित उपचार लागतात. शाळेत गोळी सुरू आहे, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष व्हायला नको.

घरात सहज सुधारण्यासारखी गोष्ट म्हणजे चहा. सकाळी चहा-चपाती किंवा चहा-खारी खाऊन शाळेत येणारी मुलं आपल्याकडे असंख्य आहेत. चहातले पॉलिफेनॉल जेवणातल्या लोहाला बांधून ठेवतात आणि त्याचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतात. चहा खाण्यापासून तासभर दूर ठेवला तरी बराच फरक पडतो. उलट लिंबू, पेरू, आवळा यांतलं क जीवनसत्त्व शोषण वाढवतं. मटकीला मोड आणले की लोह अडवणारं फायटेट कमी होतं, आणि त्या उसळीवर लिंबू पिळलं तर दोन्ही कामं एका वाटीत होतात.

भाकरीबाबत तर महाराष्ट्रातच एक सुंदर प्रयोग झाला आहे. ‘धनशक्ती’ ही जास्त लोह असलेली बाजरी इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने विकसित केली. राज्यातल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुला-मुलींचे गट करून काहींना या बाजरीच्या आणि काहींना साध्या बाजरीच्या भाकऱ्या दिल्या. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सुरुवातीला लोह कमी असलेल्या मुलांपैकी धनशक्ती खाणाऱ्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता १.६४ पट होती. नंतरच्या विश्लेषणात लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांतही ही मुलं पुढे दिसली. औषध नाही, इंजेक्शन नाही, नेहमीचीच भाकरी. शालेय पोषण आहारात अशी बाजरी यावी, यासाठी शाळा व्यवस्थापन समित्यांनी आग्रह धरायला हवा.

गोळ्या वाटपाच्या दिवशी करायचं काम तसं साधं आहे. जेवणानंतर, पुरेसं पाणी देऊन, सगळ्यांसमोर गोळी घ्यायला लावायची. शी काळी होईल, हे आधीच सांगायचं. पालकसभेत आयांना गोळी हातात देऊन दाखवायची. मुलग्यांना वगळायचं नाही. त्यांनाही ती लागते, आणि ‘मुलींचंच काहीतरी’ हा समज त्यामुळे आपोआप गळून पडतो.

मात्र प्रत्येक फिक्या चेहऱ्यामागे लोहच असतं असं नाही. त्याच २०१६-१८ च्या सर्वेक्षणात किशोरवयीनांमध्ये ३१ टक्क्यांना बी-१२ ची आणि ३७ टक्क्यांना फोलेटची कमतरता आढळली. निळ्या गोळीत फॉलिक ॲसिड आहे, बी-१२ नाही. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचा प्रश्न आहे, तिथे लाल पेशींचा आकारच बदलतो आणि लोहाने तो सुधारत नाही. म्हणून दोन-तीन महिने नीट उपचार घेऊनही हिमोग्लोबिन हललं नाही, तर गोळ्या वाढवत बसू नये. मुलीला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यावं आणि सिकलसेलची व बी-१२ ची तपासणी कुठे होईल हे तिथे विचारावं. सिकलसेलची तपासणी सरकारी व्यवस्थेत मोफत होते.