कार्बोरेटरसाठी पेट्रोल पंप निवडताना: दाब बेताचा, प्रवाह भरपूर

उद्यमनगरात इंजिन बांधून घेतलेली जुनी जिप्सी कोल्हापुरात झकास पळते. मात्र वैभववाडीकडून करूळ घाट चढताना गगनबावडा यायच्या आधीच गुदमरायला लागते. बाजूला घेऊन पाच मिनिटे थांबले की पुन्हा ठणठणीत. अशा वेळी आधी जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्रे) बदलले जातात, मग प्लग, मग कॉइल. इंजिनावर मूळ कार्बोरेटरऐवजी (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाऐवजी) वेबर कार्बोरेटरची जोडी बसवली असेल, तर पहिला संशय पेट्रोल पंपावर घ्यावा.

कार्बोरेटरला दाबाची गरज फारच कमी असते. जेटमधून पेट्रोल ओढले जाते ते व्हेंचुरीतल्या, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातल्या, हवेच्या वेगामुळे. पंपाचे काम एवढेच, की बाऊलमधली, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीतली, पातळी कायम राहिली पाहिजे. पातळी वर आली की फ्लोट (तरंगणारा भाग) निडल, म्हणजे सुईसारखी झडप, वर ढकलतो आणि वाट बंद होते. निडलचे छिद्र 2 मिलिमीटरचे धरले, तर 3 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाला त्यावर साधारण साडेसहा ग्रॅम वजनाइतका जोर येतो. 7 पीएसआयला तोच जोर साडेपंधरा ग्रॅम होतो. फ्लोटला तरफेचा फायदा मिळतो, तरी त्याच्याही ताकदीला मर्यादा आहे. दाब वाढला की निडल बंद व्हायला फ्लोटला जास्त बुडावे लागते, म्हणजे पातळी चढते आणि मिश्रण रिच होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होते. त्याहून दाब वाढला तर निडल बंदच होत नाही. मग प्लग काळे पडतात, गरम इंजिन पुन्हा सुरू होत नाही, आणि जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर ते ऑइल टाकून द्या. त्यावर गाडी चालवून बेअरिंगांचा बळी देऊ नये.

वेबरच्या डीसीओई मॉडेलला 2.5 ते 3.5 पीएसआय पुरतात, एसयू कार्बोरेटरला 2 ते 3, आणि मोठ्या हॉली कार्बोरेटरला 5 ते 7. इंजेक्शनच्या गाडीचा टाकीतला पंप भंगारात स्वस्त मिळतो म्हणून तो लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो सुमारे 3 बारचा, म्हणजे 43 पीएसआयच्या आसपासचा असतो. साध्या रेग्युलेटरने (दाब कमी करणाऱ्या झडपेने) तो 3 पीएसआयवर आणून स्थिर ठेवता येत नाही. टाकीकडे परतीची नळी असलेला रेग्युलेटर लागतो. एवढा खर्च करण्यापेक्षा मुळातच कमी दाबाचा पंप घ्यावा.

आता प्रवाह. पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण 230 ग्रॅम इंधन लागते. ताकद वाढवून बांधलेल्या 1300 सीसी इंजिनाची 100 अश्वशक्ती धरली, तर 23 किलो, म्हणजे 31 लिटर. ई20 पेट्रोलवर (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) तेवढ्याच हवेला 8 ते 9 टक्के जास्त इंधन लागते, म्हणून 34 धरा. त्यावर 40 टक्के राखीव ठेवले की आकडा 48 लिटरच्या आसपास जातो. पण खोक्यावर छापलेला प्रवाह बहुतेकदा नळी मोकळी सोडून मोजलेला असतो. दाब चढला की प्रवाह पडतो, म्हणून पंपाचा आलेख मागा आणि 3 पीएसआयला किती लिटर मिळतात तेच बघा.

घाटातले कोडे इथेच सुटते. 100 अश्वशक्तीचे इंजिन सेकंदाला साडेआठ मिलिलिटर पेट्रोल पिते. पंप वीस टक्के कमी पडत असेल तर तूट पावणेदोन मिलिलिटरची. दोन्ही बाऊलमध्ये मिळून वापरता येण्यासारखे पन्नास मिलिलिटर असले, तर अर्धा मिनिट काहीच जाणवत नाही. शहरात कुणी सलग अर्धा मिनिट पूर्ण थ्रॉटल देत नाही. चढावर द्यावा लागतो. थ्रॉटल सोडला की बाऊल पुन्हा भरतात आणि पुरावा पुसला जातो. पण मधल्या वेळात इंजिन लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर, चाललेले असते, आणि पूर्ण भारावर लीन चाललेल्या इंजिनात पिस्टनला भोक पडू शकते.

चांगला पंपही चुकीच्या जागी बसवला तर वाया जातो. हे विजेवरचे पंप ढकलण्यात पटाईत असतात, ओढण्यात कच्चे. ओढताना नळीतला दाब उतरतो आणि उन्हाळ्यात पेट्रोलमधले हलके घटक तिथेच उकळू लागतात. ऊसपट्ट्यातल्या आपल्या कारखान्यांत तयार होणारे इथेनॉल एकटे 78 अंशांना उकळते, पण पेट्रोलमधल्या हलक्या घटकांत मिसळले की ते मिश्रण जास्त सहज वाफ धरते. म्हणून पंप टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली, सायलेन्सरपासून लांब बसवावा. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर, बारीक फिल्टर पंपानंतर; उलटे केले की पंपाचा घसा आवळला जातो. नळी आतून 8 मिलिमीटरची आणि इथेनॉल सोसणारी घ्या. जुन्या रबराचे पापुद्रे सुटून थेट निडलमध्ये अडकतात. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्रही तपासा. ते बुजले तर टाकीत निर्वात होतो आणि लक्षणे हुबेहूब कमजोर पंपासारखीच दिसतात.

इंजिनावरचा जुना यांत्रिक पंप काढल्यावर त्या जागी गॅस्केटसह पत्र्याचे झाकण बसवायला विसरू नका, नाहीतर तिथून ऑइल येते.

वायरिंग बॅटरीवरून रिले आणि फ्यूज घालून करा, अर्थिंग चॅसीच्या उघड्या धातूवर घ्या. इंजिन चालू असताना पंपाच्या टोकाला 13 व्होल्ट मिळालेच पाहिजेत.

तपासणी उघड्यावर, थंड इंजिनावर, अग्निशामक हाताशी ठेवून. कार्बोरेटरजवळची नळी काढून पुढे गेज आणि छोटा कॉक लावा, टोक मापाच्या डब्यात सोडा. गेजवर 3 पीएसआय येईपर्यंत कॉक आवळा आणि तीस सेकंद मोजा. वरच्या उदाहरणात 400 मिलिलिटर यायला हवेत. नंतर सगळे जोडून पंप चालू करा. ठोकळ्याच्या आकाराच्या पंपाची टकटक बाऊल भरताच मंदावते. ती भराभर चालूच राहिली, तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा पेट्रोल गळते आहे.

पंपाचा रिले ऑइल प्रेशरच्या स्विचमधून घ्या, म्हणजे इंजिन थांबताच पंपही थांबेल, आणि स्टार्टर फिरत असताना पंप चालावा म्हणून बायपास द्या. अपघातात इंजिन बंद पडले आणि पंप चालू राहिला, तर फाटलेल्या नळीतून मिनिटाला लिटरभर पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडू शकते.