पोटगी : एक शब्द, दोन वाटा

पंचांसमोर काडी मोडली, सोडचिठ्ठी हातात पडली, की फारकत झाली. आपल्याकडच्या अनेक जातींतली ही रीत १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही मोडीत काढली नाही. जिथे ती नव्हती, तिथल्या बायकांना मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

१९५५ चा कायदा आज वाटतो तितका मोकळा नव्हता. छळ किंवा दोन वर्षं टाकून देणं सिद्ध झालं, तरी पदरात पडायची ती न्यायिक फारकत, म्हणजे लग्न कायम, फक्त वेगळं राहण्याची मुभा. त्यानंतर आणखी दोन वर्षं नांदणं झालं नाही, तरच घटस्फोटाचा अर्ज. १९७६ च्या दुरुस्तीने ही दोन्ही थेट घटस्फोटाची कारणं झाली, आणि परस्परसंमतीचं कलम आलं. खरं वळण ते.

गुंता मात्र पोटगीचा. जुन्या दाव्यांत ‘अन्नवस्त्र’ मागत, खेड्यात अजून ‘खावटी’ म्हणतात. या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वाटा आहेत. विवाह कायद्याच्या कलम २४ ची पोटगी दावा चालेपर्यंतची, २५ ची कायमची. दोन्ही नवराही मागू शकतो, हे ऐकून अजून भुवया उंचावतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची वाट निराळी. तिथे बायको मागते, घटस्फोटितासुद्धा, पुन्हा लग्न केलेलं नसेल तर. रक्कम थकवली तर नवऱ्याला कैद होऊ शकते. ‘पोटगी चुकवली की तुरुंग’ हा समज इथलाच.

या १२५ ला पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. महिन्याला पाचशे, त्याहून जास्त नाही, नवरा कितीही कमावता असो. केंद्राने ती काढली २००१ मध्ये! तोवर त्या पाचशेत धड खोलीचं भाडंही भागत नव्हतं. ‘पोटगी’त पोट होतं, बाकी काही नव्हतं.

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं : पगार, कर्ज, दागिने, सगळं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हेही तेव्हाच ठरलं. त्याआधी कुठे अर्जापासून, कुठे हुकमापासून. मधली वर्षं बाईच्या अंगावर. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १२५ चं १४४ झालं आहे. वकिलांच्या तोंडी अजून १२५ च आहे.