फळा आणि कीर्द: डी-मेसेज कधी, जर्नलसीटीएल कधी?

पहाटे दोन वाजून काही मिनिटांनी डेटाबेस बंद पडला. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने सर्व्हर रीस्टार्ट केला, साइट परत सुरू झाली, आणि तो झोपायला गेला. सकाळी मी लॉगइन केलं आणि सवयीने लॉग, म्हणजे यंत्राने केलेल्या नोंदी, दाखवणारं डी-मेसेज मारलं. स्क्रीनभर ओळी धावल्या: प्रोसेसर सापडला, डिस्क सापडली, नेटवर्क कार्ड जागं झालं. सगळं रीस्टार्टनंतरचं. डेटाबेस कशाने मेला, याबद्दल अवाक्षर नाही. शेजारी बसलेला नवा मुलगा म्हणाला, "म्हणजे लॉग गेला." लॉग कुठेच गेला नव्हता, मीच नको तिथे बघत होतो.

लिनक्सवर काही बिघडलं की हात या दोनच कमांडकडे जातो, डी-मेसेज आणि जर्नलसीटीएल. (इथे कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलवर त्या रोमनमध्येच टंकायच्या: पहिली 'डी-एम-ई-एस-जी', दुसरी 'जर्नल'ला जोडून 'सी-टी-एल'.) दोन्हींत पुष्कळदा अगदी त्याच ओळी दिसतात, म्हणून या एकाच गोष्टीच्या दोन खिडक्या असाव्यात असं वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

डी-मेसेज जे दाखवतं तो फळा आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपलं म्हणणं मेमरीतल्या एका ठरावीक मापाच्या जागेत लिहितं. ही जागा सहसा १२८ किंवा २५६ केबी असते आणि बूटच्या, म्हणजे यंत्र सुरू होण्याच्या, वेळी 'लॉग-बफ-लेन' हा पर्याय देऊन ती वाढवता येते. जागा भरली की सगळ्यात जुनी ओळ पुसून तिथे नवी येते. एखादी सैल यूएसबी केबल दर सेकंदाला तक्रार करत असेल, तर सकाळचा मजकूर दुपारपर्यंत फळ्यावरून गेलेला असतो. आणि यंत्र बंद झालं की मेमरीबरोबर फळाही कोरा. या फळ्यावर लिहिणारं मुख्यतः कर्नलच. वेब सर्व्हर, डेटाबेस, लॉगइनचे फसलेले प्रयत्न हे तिथे शोधून सापडायचे नाहीत.

जर्नल ही कीर्द. 'जर्नल' या शब्दाला आपल्या हिशेबनिसांनी फार पूर्वीच 'रोजकीर्द' म्हटलंय आणि इथे तो शब्द चपखल बसतो: जे जसं घडलं तसं, क्रमाने, एकाच वहीत. सिस्टमडी ही लिनक्सवरच्या सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, सांभाळणारी व्यवस्था; तिचा जर्नलडी नावाचा कारकून ही वही लिहितो. कर्नलच्या फळ्यावरची ओळ तो उतरवून घेतो, सर्व्हिसनी छापलेलं घेतो, सिसलॉगकडे (लॉग लिहायच्या जुन्या पद्धतीकडे) जाणारं घेतो, आणि प्रत्येक नोंदीला कुठल्या युनिटची (सिस्टमडीच्या लेखी प्रत्येक सर्व्हिस हे एक युनिट), कुठल्या प्रोसेसची (चालू प्रोग्रामची), कुठल्या बूटमधली अशी लेबलं चिकटवतो. म्हणूनच 'जर्नलसीटीएल डॅश यू' पुढे सर्व्हिसचं नाव दिलं की त्याच वहीतून एका खात्यापुरती खतावणी निघते.

डी-मेसेजमधली ओळ जर्नलमध्ये दिसते ती या नकलेमुळे. उलटं मात्र होत नाही. 'डी-मेसेज डॅश कॅपिटल सी' मारून फळा पुसला, तरी कीर्दीत उतरलेलं तसंच राहतं.

आता त्या सकाळकडे. मी आधी डेटाबेसची खतावणी काढली. त्यात एवढंच: मुख्य प्रोसेस संपली, कारण 'किल्ड', स्टेटस ९. कोणीतरी ठार मारलं, पण कोणी ते नाही. इथे बरेच जण अडकतात. कर्नलच्या ओळींवर सर्व्हिसचं लेबल नसतं, त्यामुळे डॅश यू लावून त्या कधीच दिसत नाहीत. मग 'जर्नलसीटीएल डॅश के डॅश बी उणे १' मारलं. डॅश के म्हणजे फक्त कर्नलच्या ओळी, डॅश बी उणे १ म्हणजे आधीच्या बूटमधल्या. नुसतं डॅश के दिलं तर ते मुकाट्याने चालू बूटपुरतंच बघतं, म्हणजे पुन्हा डी-मेसेजच्याच जागी येऊन उभे.

आणि तिथे सापडलं. मेमरी संपली होती, कर्नलच्या ऊम-किलरने (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारून जागा करणाऱ्या यंत्रणेने) डेटाबेसचा बळी दिला होता. हा उतारा नीट वाचायला शिकावा, कारण त्यात तीन वेगवेगळी नावं असू शकतात. 'इन्व्होक्ड ऊम-किलर' या ओळीतलं नाव मेमरी मागायला शेवटी जो आला त्याचं. 'किल्ड प्रोसेस' पुढचं नाव बळीचं, आणि बळी ठरवताना मुख्यतः कोण किती मेमरी धरून बसलाय ते बघितलं जातं. खरा दोषी दोघांपैकी कोणीही नसू शकतो. मधल्या तक्त्यात सगळ्या प्रोसेस ओळीने असतात. आमच्या तक्त्यात क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, एकच बॅकअप स्क्रिप्ट चाळीसेक वेळा दिसत होती. आधीची संपायच्या आत पुढची सुरू होत गेली होती. एकेकटी लहान, म्हणून सुटली, आणि सगळ्यात मोठा म्हणून डेटाबेस गेला. त्या तक्त्यातला आरएसएसचा, म्हणजे प्रोसेसने प्रत्यक्ष धरलेल्या मेमरीचा, आकडा केबीत नसून पेजमध्ये (मेमरीच्या ठरावीक तुकड्यांत) असतो. नेहमीच्या यंत्रांवर एक पेज ४ केबीचं, तेव्हा चाराने गुणायचं. हे न कळल्याने मी एकदा अर्धा तास "एवढीशी तर मेमरी वापरलीय" म्हणत बसलो होतो.

पण हे साधलं ते कीर्द डिस्कवर होती म्हणून. जर्नलडीच्या 'ऑटो' या सेटिंगमध्ये /वार/लॉग/जर्नल हे फोल्डर असेल तर वही तिथे राहते. नसेल तर /रन/लॉग/जर्नल मध्ये, म्हणजे मेमरीतच, आणि रीस्टार्टला तीही जाते. 'जर्नलसीटीएल डॅश डॅश लिस्ट-बूट्स' मारून बघा. एकच बूट दिसत असेल, तर आजच ते फोल्डर तयार करून जर्नलडी रीस्टार्ट करा. डिस्क भरेल ही भीती नको: मुळात वही त्या फाइलसिस्टमच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि फार तर ४ जीबीपर्यंतच वाढते. डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीपासून (२०२३) सिसलॉगच्या फाइली लिहिणारा आरसिसलॉग आपोआप इन्स्टॉल होत नाही. तेव्हा "सिसलॉगच्या फाइलीत असेलच" या भरवशावर जुन्या माणसांनीही राहू नये.

चाळणी दोघांकडे आहे, पण भोकं वेगवेगळी. गांभीर्याच्या पायऱ्या सिसलॉगच्या काळापासून त्याच आहेत, ० म्हणजे इमर्ज (सगळ्यात गंभीर), ७ म्हणजे डीबग (सगळ्यात किरकोळ). 'जर्नलसीटीएल डॅश पी एरर' (टंकताना 'ई-आर-आर') म्हटलं की एरर आणि त्याहून गंभीर सगळं येतं. 'डी-मेसेज डॅश एल एरर' म्हटलं की फक्त एरर येतं. त्याहून गंभीर 'क्रिट' नजरेआड होतं आणि आपण निर्धास्त. नव्या आवृत्त्यांत एररपुढे अधिक-चिन्ह जोडलं की वरच्या पायऱ्याही मिळतात. जुन्या यंत्रावर स्वल्पविराम देऊन एकेक नाव लिहावं लागतं. शब्द शोधायला डी-मेसेजपुढे पाइप (एका कमांडचा मजकूर दुसरीत ओतणारं चिन्ह) आणि ग्रेप (शब्द शोधणारी कमांड) हे आलंच. जर्नलसीटीएलला स्वतःचं डॅश जी आहे, आणि शोधशब्द पूर्ण लहान लिपीत दिला तर ते मोठी-लहान अक्षरं सारखीच मानतं.

वेळेचा गोंधळ मात्र दोन्हीकडे आहे. डी-मेसेजच्या चौकटी कंसातला आकडा यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद सांगतो. डॅश कॅपिटल टी लावलं की तारीख-वेळ दिसते, पण तो नंतर मांडलेला हिशेब असतो. लॅपटॉप मध्ये स्लीपमध्ये जाऊन आला असेल तर तो चुकू शकतो, आणि कमांडचं मॅन्युअलच तसा इशारा देतं. जर्नलमध्ये उलटी गंमत: कारकून कामावर येण्याआधी कर्नल बरंच बोलून गेलेलं असतं, त्यामुळे बूटच्या सुरुवातीच्या शेकडो ओळींवर पुष्कळ यंत्रांवर एकच सेकंद दिसतो. बूट कुठे रेंगाळतंय हे बघायचं असेल तर डी-मेसेजचे सेकंदच बरे. रात्रीचा प्रसंग घड्याळाने शोधायचा असेल तर जर्नलसीटीएलचं 'डॅश डॅश सिन्स' आणि 'डॅश डॅश अनटिल'. फक्त सर्व्हरचं घड्याळ कुठलं ते आधी बघा. यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपल्याकडच्या पहाटेच्या दोनच्या नोंदी आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठला सापडतात.

डी-मेसेजला मी निवृत्त केलेलं नाही. पेनड्राइव्ह लावला आणि काही दिसत नाही, डिस्क कुरकुरतेय, वाय-फाय कार्ड ओळखलं जात नाही, अशा वेळी 'डी-मेसेज डॅश डब्ल्यू' चालू ठेवून केबल काढून घालायची. आत्ता, या क्षणी कर्नल काय म्हणतंय हे बघायला याहून सरळ रस्ता नाही. उबंटू या लिनक्सवर २०.१० आवृत्तीपासून त्यासाठी सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, लागतं. जर्नल वाचायला मात्र तुम्ही 'एडीएम' किंवा 'सिस्टमडी-जर्नल' ग्रुपमध्ये असलात तरी पुरतं.

आणि कधी कधी कीर्दीतही शेवटचं पान कोरं निघतं. कारकून वही डिस्कवर पक्की करतो ती एरवी दर ५ मिनिटांनी, क्रिट किंवा त्याहून गंभीर ओळ आली तरच ताबडतोब. मध्येच लाइट गेली तर तेवढ्या मिनिटांचा मजकूर हरवू शकतो. कर्नल पॅनिक झालं, म्हणजे कर्नलच कोसळलं, तर कारकुनाला लिहायची संधीच मिळत नाही. तेव्हा /सिस/एफएस/पीस्टोअर मध्ये डोकवावं, किंवा सिस्टमडीने तिथून उचलून ठेवलेलं /वार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअर मध्ये. फर्मवेअरने (यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरने) साथ दिली असेल, तर फळ्यावरचं शेवटचं वाक्य तिथे जपलेलं असतं.