कडेचा वारा समोरून येतो

जानेवारीत आम्ही चौघे मित्र रत्नागिरीहून मालवणला सायकलने गेलो. महामार्ग टाळून, समुद्र उजव्या हाताला ठेवून पावस, पूर्णगड, कशेळी, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर असा रस्ता धरला होता. गावखडीच्या सुरूच्या बनापर्यंत सगळे गप्पा मारत होते. चढ संपून सड्यावर आलो आणि गप्पा थांबल्या. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. वाळलेलं गवत, मधूनच एखाद्या कलमांच्या बागेचा गडगा, नाहीतर मैलभर ना झाड ना घर. आणि वारा. सायकलचा वेग बघता बघता १८ वरून १५-१६ वर आला.

आमच्यातला बापू मेकॅनिकल इंजिनिअर. तो म्हणाला, "उगाच कण्हू नका रे. वारा पश्चिमेचा, आपण चाललोय दक्षिणेला. काटकोनातलं बल पुढच्या गतीला अडवत नाही. नववीत शिकलोय."

नववीत शिकलोय हे खरं. मीही तेच शिकलो आणि पुढे बरीच वर्षं तेच शिकवलंही. तरीही बापू चुकला होता, आणि त्याची चूक इतकी सुंदर आहे की त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आधी वाऱ्याबद्दल थोडं. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेत. ऊन पडलं की जमीन झटकन तापते. समुद्र तापत नाही, कारण पाण्याला तापायला उष्णता फार लागते आणि ती लाटांनी खोलवर घुसळलीही जाते. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा आत शिरते. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला हा खारा वारा सुरू होतो आणि दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जोरावर असतो. रात्री उलट, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो, पण तो बिचारा मवाळ. शिडाच्या होड्यांच्या काळात मच्छीमार पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्यावर घरी येत. सायकलवाल्याने त्यांच्याकडून एवढंच उचलावं की कोकणात पहाटेचे तास सोन्याचे.

पडेलच्या टपरीवर चहा घेताना मालकांनी वाऱ्याचं वेगळंच कारण सांगितलं. "आवस जवळ इली मां, म्हणान वारो सुटलो." अमावास्येला समुद्राला उधाण येतं हे शंभर टक्के खरं आहे, कारण तेव्हा सूर्य आणि चंद्र मिळून पाणी ओढतात. पण वारा काही चंद्र सोडत नाही. वातावरणालाही चंद्रामुळे भरती येते म्हणा, पण ती नाजूक उपकरणालाच कळावी इतकी क्षीण. दुपारचा वारा अमावास्येला सुटतो, अष्टमीला सुटतो आणि पौर्णिमेलाही सुटतो. लक्षात मात्र अमावास्येचा राहतो.

आता बापूकडे येऊ.

हवा अडवते म्हणजे काय करते? तुम्ही पुढे जाताना वाटेतली हवा ढकलता. वेग दुप्पट केलात तर दर सेकंदाला दुप्पट हवा आडवी येते आणि त्यातल्या प्रत्येक कणाला दुप्पट जोराने ढकलावं लागतं. दोन गुणिले दोन, म्हणजे चौपट विरोध. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो तो हा असा.

समजा सायकल पुढे ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने, म्हणजे ताशी १८ किलोमीटरने चालली आहे. वारा नाही. विरोध ५ चा वर्ग, २५ एकक. आता उजवीकडून बरोबर काटकोनात तेवढाच, ५ मीटर प्रतिसेकंदाचा वारा सुटला. सायकलस्वाराला हवा कुठून येताना जाणवेल? पुढून ५, कडेने ५. पायथागोरसला विचारलं तर तो सांगेल, एकूण साधारण ७, तेही तिरपी, उजव्या खांद्याच्या पुढून. या ७ चा वर्ग जवळजवळ ५०. म्हणजे एकूण विरोध दुप्पट झाला. त्यातला सगळाच मागे ओढत नाही, काही डावीकडे ढकलतो. मागे ओढणारा हिस्सा सातातला पाच, म्हणजे सुमारे ३५.

२५ चे ३५ झाले. वाऱ्याने समोरून एक फुंकरही मारली नाही आणि समोरचा विरोध ४० टक्क्यांनी वाढला.

बापूचा नियम कुठे मोडला? विरोध नुसत्या वेगाच्या प्रमाणात असता, वर्गाच्या नव्हे, तर तो बरोबर होता. ७ चा सातातला पाच हिस्सा म्हणजे पुन्हा ५, काहीच फरक नाही. मधात बुडून हळूहळू सायकल चालवायची असती तर त्याचं गणित चाललं असतं. हवेत वर्ग येतो आणि तो वर्ग पुढची दिशा आणि कडेची दिशा एकमेकींत मिसळून टाकतो. दोन घटक वेगळे मोजून शेवटी जोडायचे, ही नववीची युक्ती इथे लागू पडत नाही.

आकडे नको असतील तर शिमग्याची गर्दी आठवा. पालखीभोवती माणसं जागेवर उभी असतील तर समोर येतील तेवढ्यांनाच बाजूला सारत तुम्ही पुढे सरकता. आता तीच गर्दी डावीकडे वाहायला लागली. तुमच्यावर कोणीच समोरून चालून येत नाही, पण दर मिनिटाला तुमच्यासमोर येणारी माणसं वाढली आणि त्यातल्या प्रत्येकाला पुढे सारणं आलंच. कडेचा वारा नेमकं हेच करतो. दर सेकंदाला जास्त हवा तुमच्या अंगावर आणून टाकतो.

सायकल, स्वार आणि कॅरिअरच्या पिशव्या मिळून १०० किलो धरा. रस्त्याचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून ताशी १८ किलोमीटरला साधारण ६५ वॅट लागतात. तेवढ्याच ताकदीत, कडेच्या त्या वाऱ्यात वेग १६ वर येतो. तोच वारा समोरून असेल तर १०. इथे मी सायकलस्वार चहूकडून सारखा, गोल खांबासारखा धरला आहे. पिशव्या लादलेली सायकल कडेने जास्त रुंद असते, म्हणजे खरा वारा या हिशेबापेक्षा जास्तच छळतो.

हा हिशेब पुढे नेला की एक आकडा मिळतो, तो मला फार आवडतो. वारा आणि सायकल यांचा वेग सारखा असेल तर वाऱ्याची दिशा समोरून सुमारे १०२ अंशांच्या आत असेपर्यंत तो विरोधच करतो. काटकोनाच्या पलीकडे, थोडा मागून आला तरी. दोन्ही बाजू धरल्या तर ३६० पैकी २०४ अंश तुमच्या विरोधात. "वारा नेहमी समोरूनच असतो," ही सायकलवाल्यांची जुनी रड निम्म्याहून जास्त खरी आहे.

हे सगळं सड्यावर उभ्याउभ्या बापूला सांगितलं, तर त्याने खिशातला रुमाल काढून हँडलच्या टोकाला बांधला. सायकल उभी होती तोवर रुमाल सरळ डावीकडे, डोंगराच्या दिशेने फडफडत होता. त्याने पायडल मारलं, वेग घेतला, आणि रुमाल वळत वळत मागे झुकला. उजव्या खांद्याच्या पुढून कोणी फुंकतंय असा. बापू काही बोलला नाही. गिअर मात्र एक खाली आणला.

या निमित्ताने हवा कापणाऱ्या हेल्मेट आणि कपड्यांबद्दल थोडं. अमुक इतके वॅट वाचतात असं जाहिरातीत असतं. ते खोटं नसतं, पण मोजलेलं असतं ताशी ४५ वगैरे वेगाला. हवेशी झुंजायची ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वारा नसेल तर ताशी १५ ने चालणाऱ्याची बचत २७ पट कमी. तिथले १० वॅट इथे अर्ध्या वॅटहून कमी. त्या पैशांत सोलकढी प्यावी.

त्यापेक्षा दिशा आणि वेळ साधणं फायद्याचं, आणि इथे कोकण आपल्याला एक भेट देतो. खारा वारा सुरू होतो तेव्हा किनाऱ्याला साधारण काटकोनात येतो. पण पृथ्वी फिरते आहे. उत्तर गोलार्धात वाहतं काहीही हळूहळू उजवीकडे वळतं, त्यामुळे दुपार चढते तसा वाराही पश्चिमेकडून वायव्येकडे सरकतो. आपल्या अक्षांशावर हे वळण मंद असतं, पण हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावरून उत्तरेकडचे वारे वाहतच असतात, त्यांचाही हातभार लागतो. दक्षिणेला जाणाऱ्याच्या दृष्टीने वारा ९० अंशांवरून १३५ कडे जातो, म्हणजे १०२ ची ती रेघ ओलांडतो. तिथे हवेचा विरोध वारा नसतानाच्या पाव हिश्श्याहूनही कमी राहतो. उत्तरेला जाणाऱ्याला तोच वायव्येचा वारा ४५ अंशांवरून भेटतो आणि विरोध तिपटीहून जास्त होतो. किनारा काही पट्टीने ओढलेली रेघ नाही, खाड्यांपाशी रस्ता हवा तसा वळतो. पण एकूण हिशेब असाच.

देवगडच्या पवनचक्क्यांपर्यंत आम्ही कण्हतच पोचलो. त्यानंतर कुणकेश्वरच्या वाटेवर, तीनच्या सुमाराला, बापूचा रुमाल अचानक लोंबायला लागला. वारा पडला म्हणून सगळे खूश झाले. पण रस्त्याकडेचं गवत आमच्याच दिशेने आडवं झोपलं होतं.

मालवणहून तिघांनी सायकली कुडाळला नेऊन घरी जायची सोय केली. बापूने सायकलनेच परत जायचं ठरवलं, "आलो तोच रस्ता, तेवढंच अंतर." दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला जैतापूरच्या अलीकडून त्याचा फोन आला. पलीकडून आधी नुसता वाराच ऐकू येत होता. मग बापू ओरडला, "रत्नागिरीला जाणारा रिकामा टेम्पो कोणाच्या ओळखीत आहे का बघ!"