मॉडेल रॉकेट, बहुटप्पी

मॉडेल रॉकेट, बहुटप्पी : कागदी नळी, बाल्सा लाकडाचे पंख आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकचे टोक यांपासून बनविलेले, कारखान्यात भरलेल्या घन इंधनाच्या मोटरीवर उडणारे व हवाई छत्रीच्या (पॅराशूटच्या) साहाय्याने परत उतरणारे छोटे रॉकेट म्हणजे मॉडेल रॉकेट. त्यात एकावर एक रचलेल्या दोन किंवा तीन मोटरी क्रमाने पेटत असतील आणि जळून गेलेला भाग वाटेत गळून पडत असेल, तर त्यास बहुटप्पी म्हणतात. शेजारी-शेजारी बसवून एकदम पेटविलेल्या मोटरींचा जुडगा या प्रकारात धरत नाहीत. अशी रॉकेटे बहुधा सुट्या भागांच्या संचावरून घरी जोडली जातात.

पूर्वेतिहास : टप्प्याटप्प्याने पेटणाऱ्या रॉकेटची कल्पना मूळची कोणाची, याविषयी मतभेद आहेत. ‘हुओलोंगजिंग’ या चिनी युद्धशास्त्रीय ग्रंथात ‘पाण्यातून निघणारा अग्निड्रॅगन’ नावाच्या अस्त्राचे वर्णन येते. बांबूच्या पोकळ नळीला ड्रॅगनचे डोके व शेपूट लावलेले असे. बाहेरून बांधलेली रॉकेटे तिला पुढे नेत आणि ती विझत आली की त्यांच्या वातींमुळे नळीच्या पोटातील बाण पेटून ड्रॅगनच्या तोंडातून सुटत. जियाओ यू व लिऊ जी यांच्या नावावर असलेल्या या ग्रंथाचा मजकूर चौदाव्या शतकाच्या मध्याचा मानतात. प्रस्तावना १४१२ ची आहे. उपलब्ध प्रती मात्र बऱ्याच नंतरच्या असल्याने कोणता भाग मूळचा, हे सांगणे कठीण आहे. सतराव्या शतकातील ‘वूबेई झी’ या संग्रहातही हेच अस्त्र आढळते. चिनी विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडॅम यांनी त्यास दोनटप्पी रॉकेट मानले. त्यात वाहक आणि वाहकातून सुटणारी अस्त्रे अशी रचना आहे. एकाच उड्डाणमार्गावर पुढे जाणारे एकावर एक टप्पे नाहीत. या नोंदीच्या व्याख्येत ते ओढूनताणूनच बसवावे लागेल.

त्या दृष्टीने कोनराड हास याची चित्रे अधिक जवळची वाटतात. हास हा ट्रान्सिल्व्हेनियातील हर्मानश्टाट (आताचे रुमानियातील सिबिऊ) येथील शस्त्रागाराचा प्रमुख होता. त्याचे हस्तलिखित तेथील दप्तरखान्यात १९६१ मध्ये उजेडात आले. त्यात एकात एक बसविलेली दोन व तीन टप्प्यांची रॉकेटे, त्रिकोणी पंख आणि घंटेच्या आकाराची नोझले (तप्त वायू बाहेर सोडणारी तोंडे) दाखविली आहेत. या चित्रांसाठी १५२९ हे साल सर्रास दिले जाते. पण हास तेव्हा जेमतेम विशीत होता आणि त्याने लिहिलेला भाग पुढची काही दशके वाढत गेलेला दिसतो. त्यामुळे सोळाव्या शतकाचा मध्य असे म्हणणे अधिक सुरक्षित. हे हस्तलिखित चारशे वर्षे बंद राहिल्याने त्याचा प्रभाव मात्र कोणावर पडला असेल असे वाटत नाही. शोभेची दारू बनविणारा जर्मन कारागीर योहान श्मिडलाप याचे ‘पायरी-रॉकेट’ छापील पुस्तकातून लोकांपुढे आले. त्याचे साल कोणी १५६१, तर कोणी १५९१ देतात. भिन्न आवृत्त्यांमुळे हा फरक पडला असावा. काझिमिएर्झ सिएमिएनोविच याच्या तोफखान्यावरील लॅटिन ग्रंथात (ॲम्स्टरडॅम, १६५०) बहुटप्पी रॉकेटच्या आकृत्या आहेत आणि पुढील काळातील यूरोपीय परंपरेचा धागा बहुधा याच ग्रंथाशी जुळतो.

विसाव्या शतकात रॉबर्ट गॉडर्ड यांचे १९१४ चे अमेरिकी पेटंट आणि कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९२९ मध्ये मांडलेली ‘रॉकेट-आगगाडी’ची (एकामागे एक जोडून क्रमाने पेटणाऱ्या रॉकेटांची) कल्पना यांनी या विषयाला शास्त्रीय पाया दिला. अमेरिकेतील व्हाइट सँड्स या चाचणी-तळावरून २४ फेब्रुवारी १९४९ रोजी व्ही-२ या मोठ्या जर्मन रॉकेटवर दुसरा टप्पा म्हणून बसविलेले वॅक कॉर्पोरल हे छोटे रॉकेट सुमारे ३९३ किमी. उंचीवर गेले.

मॉडेल रॉकेटचा उदय : नेब्रास्का राज्यातील नॉरफोक येथील जोड्यांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये ‘रॉक-अ-शूट’ हे पहिले आधुनिक मॉडेल रॉकेट बनविले. त्यांना शोभेच्या दारूकामाची माहिती होती. त्यांचे बंधू रॉबर्ट हे विमानांच्या मॉडेलांचे शौकीन असून त्यांना व्याख्यानांत दाखविण्यासाठी रॉकेटचे चालते मॉडेल हवे होते. व्हाइट सँड्स येथे काम करणारे जी. हॅरी स्टाइन यांनी हौशी तरुणांना होणाऱ्या अपघातांविषयी एका मासिकात लिहिलेला लेख वाचून कार्लाइल यांनी १९५७ च्या आरंभी त्यांना पत्र लिहिले व नमुने पाठविले. त्याच वर्षी स्टाइन यांनी डेन्व्हर येथे ‘मॉडेल मिसाइल्स’ ही कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडाल्यावर तर घरच्या घरी जस्त-गंधकाचे मिश्रण ठासून रॉकेटे उडविण्याचे वेड अमेरिकेत पसरलेच. कार्लाइल यांना पेटंट १९५८ मध्ये मिळाले. मॉडेल रॉकेटविद्येचे जनकत्व कोणाकडे, यावर दोन्ही बाजूंनी लिहिले गेले आहे. रचना कार्लाइल यांची, तर सुरक्षेचे नियम, संघटना व प्रसार स्टाइन यांचा, अशी वाटणी बहुतेकांना मान्य व्हावी.

बहुटप्पी मॉडेलाच्या दृष्टीने तिसरे नाव या दोघांहून महत्त्वाचे ठरते. स्टाइन यांना मोटरींचा खात्रीचा पुरवठा हवा होता. डेन्व्हरमध्ये फटाक्यांचा व्यवसाय असलेल्या कुटुंबातील व्हर्नन एस्टेस यांनी त्यासाठी ‘मेबल’ नावाचे यंत्र तयार केले. जानेवारी १९५९ पासून ते दर साडेपाच सेकंदांना एक मोटर भरू लागले. हाताने ठासलेल्या दोन मोटरी कधी सारख्या जळत नाहीत. यंत्राने दाबलेल्या जवळजवळ सारख्या जळतात. एकीच्या जळण्यावर दुसरीचे पेटणे सोपविता आले ते या सारखेपणामुळेच. एस्टेस यांचा कारखाना १९६१ मध्ये कोलोरॅडोतील पेनरोझ येथे हलला आणि त्या दशकात त्यांच्या यादीत ‘अपोजी’ हा दोनटप्पी व ‘फारसाइड’ हा तीनटप्पी संच दिसू लागला. नंतरच्या संचांपैकी ‘कोमांची-३’ हा सर्वांत परिचित आहे.

मोटर व टप्प्यांची जोडणी : नेहमीच्या मोटरीची कागदी नळी १८ मिमी. व्यासाची व ७० मिमी. लांबीची असते. तळाशी दाबलेल्या मातीचे नोझल, त्यावर काळ्या दारूची (बंदुकीच्या दारूची) ठासलेली कांडी, त्यावर धूर सोडत सावकाश जळणारे विलंबद्रव्य आणि सर्वांत वर छत्री बाहेर फेकणारी दारूची चिमूट असा क्रम असतो. मोटरीवरील खुणेतील अक्षर एकूण आवेग (रेटा गुणिले तो टिकण्याचा काळ) दाखविते. ‘ए’ म्हणजे १·२६ ते २·५ न्यूटन-सेकंद आणि पुढच्या प्रत्येक अक्षरास मर्यादा दुप्पट होते. पहिला अंक न्यूटनमधील सरासरी रेटा व शेवटचा अंक सेकंदांतील विलंब सांगतो. म्हणजे ‘सी६-७’ ही कमाल १० न्यूटन-सेकंद आवेगाची, सरासरी ६ न्यूटन रेट्याची व इंधन संपल्यावर सात सेकंदांनी छत्री फेकणारी मोटर.

खालच्या टप्प्याच्या मोटरीचा शेवटचा अंक शून्य असतो : बी६-०, सी६-०, डी१२-०. तीत विलंबद्रव्य नसते, वरची चिमूट नसते, मातीचे बूचही नसते. इंधन जळत वर सरकते, वरचा थर पातळ होत जातो आणि शेवटी आतल्या दाबाने फुटतो. जळते कण व तप्त वायू वर उसळून वरच्या मोटरीच्या नोझलमध्ये शिरतात व ती पेटते. पेटविण्याचे काम मुख्यतः वायू करतो की जळते कण, याबाबत स्पष्टीकरणे थोडी वेगळी आढळतात. कणांकडे झुकणारे मत अधिक पटण्यासारखे आहे, कारण नुसता वायू अरुंद नोझलमधून आत जाण्याआधीच पसरून थंड होतो. दोन मोटरी बऱ्याच अंतरावर असूनही पेटतात, हेही त्यास पोषक आहे.

अडचण अशी, की जो दाब वरची मोटर पेटवितो तोच दोन टप्प्यांना एकमेकांपासून ढकलतो. सुटका आधी झाली तर वरचा टप्पा न पेटताच खाली येतो. यासाठी खालच्या मोटरीचे तोंड वरच्या मोटरीच्या बुडाला नेमके भिडवून सांध्यावर सेलोटेपचा एक घट्ट वेढा देतात. हा वेढा क्षणभर तग धरतो, मग जळून तुटतो. टेप दोन्ही मोटरींवर सारखी यावी आणि तिला सुरकुती पडू नये. सुरकुती पडली की जोडी नळीत अडकते आणि जोर लावल्यास सांधा उघडतो. मोटरी दूर असल्यास मधली कोंडलेली थंड हवा आड येते. म्हणून खालच्या नळीस वरच्या बाजूला छोटी छिद्रे पाडतात. त्यामुळे फूटभर अंतरापर्यंतही ज्वाला पोहोचू शकते. ही सर्व व्यवस्था काळ्या दारूपुरतीच आहे. अमोनियम परक्लोरेटयुक्त संयुक्त इंधनाच्या मोटरी अशा पेटत नाहीत. त्यांना रॉकेटमध्ये बॅटरी, कालमापक व विद्युत् प्रज्वालक ठेवावा लागतो.

मोटरींची अदलाबदल हा सर्वांत महाग पडणारा घोटाळा होय. शून्याची मोटर वर गेल्यास छत्री जळते किंवा रॉकेट तिच्याविनाच जमिनीवर आदळते.

स्थैर्य : गुरुत्वमध्य (जेथे रॉकेटचे वजन तोलले जाते तो बिंदू) हा दाबमध्याच्या (जेथे हवेचा बाजूचा दाब एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका असावा, हा सर्व मॉडेल रॉकेटांचा नियम. बहुटप्पी रॉकेटमध्ये तो प्रत्येक अवस्थेत पाळावा लागतो. शेपटाकडे मोटरींचे वजन वाढल्याने गुरुत्वमध्य मागे येतो; दाबमध्यही मागे न्यावा म्हणून खालच्या टप्प्याचे पंख मोठे ठेवतात. दाबमध्य पूर्वी पुठ्ठ्यावर रॉकेटची बाह्याकृती कापून ती धारेवर तोलून काढत. जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये हौशी रॉकेटकारांना वापरता येतील अशी सूत्रे दिली, तेव्हापासून ती पद्धत मागे पडली; दोरी बांधून डोक्याभोवती फिरवून पाहण्याची चाचणी मात्र अजून करतात.

टप्प्यांमुळे मिळणारा लाभ त्सिओल्कोव्हस्कींच्या, रॉकेटचा वेग त्याच्या घटत्या वजनाशी जोडणाऱ्या समीकरणावरून वाटतो तेवढा येथे मिळत नाही. भरलेल्या मोटरीचा निम्म्याच्या आसपास भाग कागद व माती असतो. तो टाकून दिल्याने वजन घटते खरे, पण हवेचा विरोध त्या प्रमाणात घटत नाही आणि हलके रॉकेट विरोधापुढे लवकर मंदावते. म्हणून वरच्या टप्प्याची नळी शक्य तितकी बारीक ठेवतात.

बांधणी व रंगकाम : नळ्या बहुधा आखलेल्या मापाच्या येतात. पंखांसाठी बाल्साचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर घ्यावे लागतात. आडवे घेतल्यास पंख पहिल्या उतरणीलाच मोडतो. नळीवर सरळ रेघ मारण्यासाठी दाराच्या चौकटीची खाच चांगली उपयोगी पडते. पंखाच्या मुळाशी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लावून तो थोडा सुकू देतात, पुन्हा बोट फिरवून पंख उभा करतात. पूर्ण सुकल्यावर दोन्ही बाजूंनी गोंदाची गोलाई भरतात. मोटर पुढे सरकू नये म्हणून नळीत कागदी कडे चिकटवितात. ते अर्धवट आत असताना गोंद धरला तर नळी वाया जाते, म्हणून हे काम एका दमात उरकतात. वरच्या टप्प्यात छत्री, लवचीक दोरी आणि तप्त वायूपासून छत्री वाचविणारा न पेटणारा कागद असतो. खालच्या टप्प्यात बहुधा काहीच नसते. तो आखूड व हलका असल्याने गडगडत खाली येतो.

रंगापूर्वी बाल्साचे सूक्ष्म रेषे आणि नळीवरील मळसूत्री खाच भरून काढतात. भराव द्यायचा, पॉलिश पेपर मारायचा, असे तीन-चारदा करावे लागते. त्यावर अस्तराचा व पांढऱ्या रंगाचा हात आणि मग मुख्य रंग. चकाकता नारिंगी किंवा गुलाबी रंग खाली पांढरा असल्याशिवाय उठत नाही. दमट हवेत फवारलेल्या लॅकरवर पांढुरकी झाक येते. टप्पे जोडणाऱ्या कड्यावर मास्किंग टेप लावून ते कोरे ठेवतात. तेथे रंगाचा एक हात चढला तरी टप्पे अडकून बसतात व वेळेवर सुटत नाहीत. दिसायला साधी वाटणारी ही बाब संचांच्या सूचनापत्रांत ठळक अक्षरांत छापावी, इतक्या वेळा विसरली जाते.

उड्डाण : रॉकेट बाजूच्या आखूड नळीतून उभ्या सळीवर ओवतात. फक्त खालच्या मोटरीत विद्युत् प्रज्वालक बसवितात. पहिल्या मोटरीला सर्व टप्प्यांचे ओझे उचलायचे असल्याने तिचा रेटा पुरेसा असावा लागतो. कोमांची-३ मध्ये डी१२-०, सी६-० व सी६-७ असा क्रम प्रचलित आहे. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या संघटनेच्या नियमांप्रमाणे ‘डी’ पर्यंतच्या मोटरींसाठी निदान १५ फूट, त्यापुढे ३० फूट दूर उभे राहावे, सळी उभ्या रेषेपासून ३० अंशांहून अधिक कलवू नये आणि वारा ताशी २० मैलांच्या (सु. ३२ किमी.) वर असताना उडवू नये. मोटर न पेटल्यास बॅटरी तोडून मिनिटभर थांबावे. बहुटप्पी रॉकेटसाठी वाऱ्याची ही मर्यादा फारच सैल म्हणावी लागेल. रॉकेट वाऱ्याच्या दिशेला तोंड वळविते आणि दुसरा टप्पा कललेल्या रॉकेटला सरळ करत नाही, आहे त्याच दिशेने वेगाने पुढे नेतो. अनुभवी लोक शांत सकाळ निवडतात आणि पहिल्या उड्डाणासाठी वरच्या टप्प्यात लहान मोटर घालतात.

स्पर्धा व भारत : मॉडेल रॉकेटांची पहिली जागतिक स्पर्धा १९७२ मध्ये यूगोस्लाव्हियातील व्हर्शात्स येथे झाली.

भारतात हा छंद फारसा रुजलेला नाही. भारतीय स्फोटक अधिनियम, १८८४ च्या व्याख्येत काळी दारू व रॉकेट ही दोन्ही येतात आणि त्याचे नियंत्रण करणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. तयार मोटरी दुकानात सहज मिळत नसल्याने शाळांमधून पाण्याच्या रॉकेटांवरच भागविले जाते. खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी व प्रोत्साहन देणारी ‘इन-स्पेस’ ही सरकारी संस्था व ॲस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांनी २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट स्पर्धा घेतली. थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेले नाइके-अपाची हे भारतभूमीवरून अवकाशाकडे झेपावलेले पहिले रॉकेट दोनटप्पी होते.